वाचकांचे प्रश्न : कोवळं ऊन, काच आणि ‘ड’ जीवनसत्त्व

दिवसभर छताखाली काम करणाऱ्यांना ‘ड’ जीवनसत्त्व मिळावं म्हणून काय बनवता येईल, कामाच्या ठिकाणी काय बसवता येईल, असं विचारणारी पत्रं आली आहेत. त्यांतली आठ इथे घेतली आहेत. सगळ्या उत्तरांना लागणारी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. त्वचेत ‘ड’ तयार होतं ते उन्हातल्या साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांमुळे, म्हणजे यूव्हीबीमुळे. लख्ख उजेड पडला, अंग तापलं, कातडी रापली, तरी हे किरण अंगापर्यंत पोचले असं समजू नये.

आमच्या कारखान्यात १२० जण जुळणी विभागात बंद शेडमध्ये काम करतात. सकाळी साडेसातला पाळी सुरू होण्याआधी त्यांना पंधरा मिनिटं गच्चीवर कोवळ्या उन्हात बसवायचं ठरतंय. वर पारदर्शक फायबरचं छप्पर घालणार आहोत. आराखड्यात काही सुचवाल का?
– मनुष्यबळ विभाग, चाकण

गच्ची उत्तम. वेळ आणि छप्पर मात्र दोन्ही बदला.

‘कोवळ्या उन्हात बसा’ हा सल्ला घरोघरी चालत आलेला आहे आणि ‘ड’साठी तो जवळपास निरुपयोगी आहे. सूर्य खाली असताना त्याचे किरण वातावरणातून तिरपे, लांबच्या वाटेने येतात आणि ओझोनचा थर त्यातला यूव्हीबी गाळून घेतो. डिसेंबरात साडेसातला तर सूर्य जेमतेम वर आलेला असतो. सोपा ठोकताळा असा : आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन कामाचं. सावली तिप्पट लांब असेल तर नुसती ऊब.

पुणे-चाकण भागात डिसेंबरअखेर सावली उंचीपेक्षा आखूड असते ती साधारण साडेअकरा ते दुपारी एक चाळीसपर्यंत. मेच्या मध्यात तीच वेळ सकाळी सव्वानऊ-साडेनऊपासून दुपारी साडेतीनपर्यंत पसरते. म्हणून वर्षभर एकच वेळ ठेवू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जेवणाची सुट्टी वापरा. एप्रिल-मेमध्ये सकाळी दहाचा चहा गच्चीवर द्या, दुपारी कुणालाही वर पाठवू नका.

घड्याळापेक्षा सावलीची काठी बरी, ती ऋतूबरोबर आपोआप बदलते. २५ मिलिमीटरचा पाइप बादलीभर काँक्रीटमध्ये ओळंबा लावून उभा करा. पाइपचं टोक गच्चीच्या फरशीपासून बरोबर १ मीटरवर हवं. बादलीच्या काठापासून मोजलं तर सगळंच चुकतं. पाइपचा मध्य केंद्र धरून फरशीवर १ मीटर त्रिज्येचं पिवळं आणि ५० सेंटिमीटर त्रिज्येचं लाल वर्तुळ रंगवा. सावलीचं टोक पिवळ्याच्या बाहेर असेल तर वर येऊन उपयोग नाही. दोन वर्तुळांच्या मध्ये असेल तर १५ ते २० मिनिटं. लालच्या आत असेल तर ८ ते १० मिनिटं पुरे. पाइप पाच अंश कलला तरी टोक जवळपास ९ सेंटिमीटर सरकतं, म्हणून महिन्यातून एकदा ओळंबा लावून बघा.

ही मिनिटं आली कुठून? यूव्ही निर्देशांकाला ४० ने भागलं की त्वचा लाल करणाऱ्या किरणांची तीव्रता दर चौरस मीटरला वॉटमध्ये मिळते. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेला लाली यायला साधारण ६०० जूल लागतात. त्याच्या चौथाई मात्रा, म्हणजे १५० जूल, अंगाच्या चौथाई भागावर पडली तर अंदाजे १,००० आययू (जीवनसत्त्व मोजायचं आंतरराष्ट्रीय एकक) ‘ड’ तयार होतं, असं ढोबळ गणित वापरलं जातं. सावली उंचीएवढी असताना स्वच्छ आकाशात आपल्याकडे निर्देशांक ६ च्या आसपास असतो, म्हणजे ०.१५ वॉट. १५० जूल जमायला १,००० सेकंद, सुमारे १७ मिनिटं. अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि फुल पँट असेल तर उघडा भाग १५ टक्क्यांच्या आतबाहेर राहतो, तेव्हा पदरात ६०० आययू पडतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी सुचवलेली रोजची गरजही ६०० आययूच आहे. पूर्ण बाह्यांच्या गणवेशात, बाह्या न दुमडता माणसं वर पाठवलीत तर हे गणित कोसळतं. गणवेश बाही दुमडून बटण लावता येईल असा शिवून घेणं हा यातला सगळ्यात स्वस्त बदल आहे. चेहऱ्याला टोपी चालेल, हात उघडे हवेत. वयाबरोबर त्वचेची ही क्षमता घटते. साठीकडे झुकलेल्यांनी केवळ गच्चीच्या भरवशावर राहू नये.

छप्पर नकोच. पारदर्शक पॉलिकार्बोनेट यूव्हीबी जवळजवळ पूर्ण अडवतं. खाली लख्ख उजेड असतो म्हणून कुणाला संशयही येत नाही. पिण्याच्या पाण्याच्या जागेपुरतीच सावली करा. कठडा १.२ मीटर असेल तर डिसेंबरात दुपारी दक्षिण कठड्याची सावली मीटरभर आत येते, म्हणून बाकं तिथून दीड मीटर सोडून लावा. स्वच्छ दिवशीही यूव्हीबीचा जवळपास निम्मा वाटा सूर्याकडून थेट न येता आकाशभर विखुरलेला येतो. त्यामुळे दोन उंच इमारतींच्या फटीतल्या गच्चीवर ऊन पडलं तरी मात्रा कमी पडते.

१२० जणांसाठी ३० च्या चार तुकड्या, प्रत्येकी २० मिनिटं, बारा ते एक वीस. तीस जणांना ४० चौरस मीटर मोकळी जागा पुरते. ही योजना बहुतेकदा बिघडते ती पाण्याच्या टाकीपाशी. सगळे तिच्या सावलीत जमतात आणि गच्ची मोकळी राहते. बाकं टाकीपासून लांब ठेवा. डॉक्सिसायक्लिन किंवा लघवी वाढवणारी थायझाइड गटातली औषधं घेणारे, ल्युपस असणारे यांना उन्हाचा त्रास चटकन होतो. त्यांची नावं कारखान्याच्या डॉक्टरकडून आधी वगळून घ्या.

रात्रपाळीच्या कॉल सेंटरचं उपाहारगृह चालवतो. चहा-जेवणातूनच ‘ड’ देता येईल का? ‘‘ड’युक्त मेन्यू’ म्हणून जाहिरात करता येईल का?
– उपाहारगृह चालक, हिंजवडी

थोडं देता येईल, पुरेसं नाही. ‘+एफ’ चिन्हाच्या, म्हणजे जीवनसत्त्वं वरून घातलेल्या, दुधात लिटरला २०० ते ३०० आययू असतं. चार कप चहात मिळून पाव लिटर दूध गेलं तर ५० ते ७५. त्याच चिन्हाच्या तेलात ग्रॅमला ४.४ ते ६.४ आययू. माणशी २५ ग्रॅम तेल धरलं तर ११० ते १६०, आणि तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवलं तर त्यातूनही घट. म्हणजे सगळं जमलं तरी गरजेच्या चौथाई-तिहाईपर्यंत. अंड्याच्या बलकात आणखी ४० च्या आसपास.

तरी बदल करा, कारण तो फुकटात होतो. ठोक खरेदीत चिन्ह नसलेला डबा येतो आणि कुणी बघत नाही. पुरवठादाराच्या करारात ‘+एफ’ लिहून घ्या. गवळ्याच्या सुट्या दुधात वरून घातलेलं ‘ड’ नसतं. जाहिरातीत फक्त ‘‘ड’ने समृद्ध केलेलं दूध व तेल वापरतो’ एवढंच लिहा. सकाळी घरी जाऊन दुपारभर झोपणाऱ्यांना ऊन भेटणारच नाही. त्यांच्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने रोजची ६०० ते १,००० आययूची गोळी हाच सरळ मार्ग.

कार्यालयांसाठी ‘‘ड’ पास करणारी काच’ विकायचा विचार आहे. बाजार आहे का?
– अंतर्गत सजावटकार, ठाणे

साध्या खिडकीच्या काचेतून यूव्हीए, म्हणजे कातडी रापवणारे पण ‘ड’ न करणारे अतिनील किरण येतात, यूव्हीबी जवळपास नाही. त्यामुळे खिडकीशेजारी बसणारा रापतो आणि तरीही त्याचा रिपोर्ट कमीच येतो. क्वार्ट्झ काच यूव्हीबी सोडते, पण खिडकीच्या आकारात तिची किंमत कुणी देणार नाही. ईटीएफई नावाची पारदर्शक फिल्म सोडते आणि हरितगृहांवर वापरलीही जाते. पण समजा बसवली, तरी माणूस आठ तास तिच्याशेजारी बसणार, हवी होती ती मात्रा पंधरा मिनिटांची. उरलेले पावणेआठ तास त्वचेला आणि डोळ्यांना भाजणार. उघडणारी खिडकी आणि बाल्कनीत ठेवलेली खुर्ची विका.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून मनगटी पट्टा करतोय. आज अंगात किती ‘ड’ तयार झालं ते तो आययूमध्ये दाखवेल. जीयूव्हीए-एस१२एसडी हा अतिनील किरणांचा सेन्सर आणि ईएसपी३२ हा छोटा नियंत्रक बोर्ड घेतला आहे. वाचन सकाळी जास्त, दुपारी कमी असं काहीतरी विचित्र येतं.
– इलेक्ट्रॉनिक्सचे विद्यार्थी, सांगली

एकापेक्षा जास्त चुका एकत्र आल्या आहेत, एकेक सोडवू.

पहिली सेन्सरची. तो २४० ते ३७० नॅनोमीटर सगळंच मोजतो. जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांत सुमारे ९५ टक्के यूव्हीए असतो, म्हणजे तुम्ही मुख्यतः यूव्हीए मोजताय. सकाळी यूव्हीए बऱ्यापैकी असतो, यूव्हीबी नसतोच. म्हणून पट्टा सकाळी फुशारकी मारतो. एमएल८५११ लावून सुटका नाही, तोही २८० ते ३९० पाहतो.

दुसरी झाकणाची. सेन्सरवर ॲक्रिलिक, काच किंवा इपॉक्सीचा थेंब असेल तर हवे ते किरण तिथेच संपले. अर्धा मिलिमीटर जाडीचा पांढरा पीटीएफई पत्रा, म्हणजे टेफ्लॉन, लावा. तो यूव्हीबी सोडतो आणि उजेड सारखा पसरवतो, त्यामुळे तिरप्या किरणांचं वाचनही सुधारतं. पाणी जाऊ नये म्हणून कडेनेच सिलिकॉन भरा, वरून नको.

तिसरी मोजणीची. या मॉड्यूलचं आउटपुट निर्देशांकाच्या दर अंकाला साधारण ०.१ व्होल्ट असतं. ईएसपी३२ चा आतला एडीसी (व्होल्टचे आकडे करणारा भाग) नेमका ०.१ व्होल्टच्या खाली-आसपास आंधळा आहे, त्यामुळे खालचे अंक शून्य किंवा भलतेच दिसतात. एडीएस१११५ हा सोळा बिटांचा बाहेरचा एडीसी आयटूसीवर जोडा. पुरवठा ३.३ व्होल्टचा ठेवा आणि सेकंदाला दहा वाचनांची सरासरी घ्या.

चौथी जागेची, आणि दुपारी कमी येण्याचं कारण बहुधा हीच. मनगट बाहीत जातं, टेबलाखाली जातं, चालताना बाजूला वळतं, आणि सूर्य डोक्यावर असतो तेव्हा सेन्सर त्याच्याकडे बघतच नाही. खांद्यावर किंवा टोपीवर क्लिप करा. ओळखपत्राच्या दोरीला लावू नका, ते सतत उलटं होतं.

खरं सांगायचं तर यूव्हीबी मोजायच्या भानगडीत पडूच नका. अक्षांश, तारीख आणि वेळ यांवरून सूर्याची उंची काढणारं सूत्र ईएसपी३२ मध्ये सहज बसतं. सेन्सरला फक्त एवढंच विचारा की माणूस उघड्यावर आहे की छताखाली. उंची ४५ अंशांच्या वर आणि सेन्सर ‘बाहेर’ म्हणतोय, एवढीच मिनिटं मोजा. पडद्यावर मिनिटं दाखवा, आययू नको. त्वचेचा रंग, वय, कपडे पट्ट्याला ठाऊक नाहीत, आणि परीक्षक तिथेच पकडतील. पट्ट्याची सावलीशी तुलना निरभ्र दिवशी किमान दोन वेळा करा, सावली उंचीएवढी असताना आणि निम्मी असताना. एकाच वेळच्या तुलनेत चुकीचा पट्टाही बरोबर वाटतो.

व्यायामशाळेत ‘सनलाइट बूथ’ लावला तर? ऑनलाइन १०,००० लक्सचे दिवे, सरड्यांसाठीचे यूव्हीबी बल्ब आणि जंतुनाशक नळ्या मिळतात. कोणता घ्यावा?
– व्यायामशाळा चालक, नाशिक

एकही नाही. १०,००० लक्सचे दिवे हिवाळ्यातल्या उदासीसाठी आहेत. त्यांतून अतिनील किरण मुद्दाम काढलेले असतात, ‘ड’ शून्य. सरड्यांच्या बल्बची मात्रा माणसाच्या अंगासाठी मोजलेलीच नसते. जंतुनाशक नळी २५४ नॅनोमीटरची, यूव्हीसी. काही मिनिटांत डोळे आणि कातडी भाजते.

यूव्हीबीने ‘ड’ करणारे वैद्यकीय दिवे आहेत, त्वचारोगतज्ज्ञ सोरायसिससाठी ३११ नॅनोमीटरच्या नळ्या वापरतात. पण तिथे नळीची तीव्रता मीटरने तपासतात, कारण ती वापराबरोबर घटते आणि नवी नळी बसवल्यावर एकदम वाढते. जुन्या नळीवर बसवलेली मिनिटं नव्या नळीखाली भाजण्याइतकी होतात. डोळ्यांवर चष्मा, प्रत्येकाच्या त्वचेनुसार वेगळी वेळ आणि नोंदवही हे सगळं त्यात आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये रापवणाऱ्या यूव्ही यंत्रांना कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. उपचाराचा दावा केला की यंत्र २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत येतं. बाहेर मोफत ऊन असलेल्या नाशिकमध्ये हा खर्च आणि हा धोका कशासाठी? थंडीत योगवर्ग दुपारी बारा वाजता गच्चीवर घ्या.

बटण मशरूम उन्हात ठेवून ‘ड’युक्त पावडर करायची आहे. पद्धत सांगा.
– महिला बचत गट, मुळशी

या सगळ्या पत्रांतली ही कल्पना आम्हाला सर्वांत पटली. मशरूममध्ये अर्गोस्टेरॉल असतं आणि यूव्हीबी लागला की त्याचं ‘ड२’ (‘ड’चाच एक प्रकार) होतं. अख्ख्या टोपीपेक्षा कापलेल्या कापांत ते कितीतरी जास्त होतं.

ताजे मशरूम पुसून घ्या, पाण्यात बुडवू नका. ३ ते ४ मिलिमीटरचे काप करा आणि ताटात एकाच थरात, शक्यतो खालच्या चिरांची बाजू वर करून पसरा. एकावर एक आले तर खालच्यांना काहीच मिळत नाही. सावली उंचीपेक्षा आखूड असताना अर्धा ते एक तास ठेवा. माश्यांसाठी सैल मच्छरदाणी चालेल. काचेचं झाकण किंवा सोलर ड्रायरची काच घातली तर मशरूम वाळेल, पण ‘ड’ होणार नाही. बहुतेक जण इथेच फसतात, सोलर ड्रायरवर ‘सूर्यप्रकाशात वाळवलेले’ असं छापून मोकळे होतात. आधी उघडं ऊन, मग ड्रायर, हा क्रम सोडू नका. काप तपकिरी पडतात, त्यात बिघडलं काही नाही.

नंतर ५५ ते ६० अंशांवर काप कुरकुरीत मोडेपर्यंत वाळवा. १ किलो ताज्याचे ९० ते १०० ग्रॅम सुके होतात, भाव ठरवताना हे आधी मांडा. दळून लगेच अपारदर्शक पाकिटात बंद करा. उजेड आणि दमट हवा दोन्ही ‘ड२’ खातात. पारदर्शक बरणी दुकानात छान दिसते, पण आत आकडा घसरत असतो.

दुपारच्या उन्हात ठेवलेल्या १०० ग्रॅम ताज्या मशरूममध्ये बहुधा ४०० आययूच्या वर ‘ड२’ तयार होतं, पण जूनच्या ढगाळ दिवसातला आणि मार्चमधला माल सारखा नसतो. म्हणून वर्षाचा माल ऑक्टोबर ते मे यातच करून ठेवा आणि प्रत्येक खेपेचा नमुना एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत एचपीएलसी (घटक वेगळे करून मोजणाऱ्या) चाचणीने तपासा. अर्जावर ‘ड२’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर फक्त ‘ड३’ तपासून ‘आढळलं नाही’ असा कागद हातात येतो. वेष्टनावर सगळ्यांत कमी आलेल्या खेपेचा आकडा छापा. अन्न परवाना हवाच, आणि ‘हाडदुखी बरी होते’ वगैरे अजिबात नको.

कंपनीच्या तपासणीत बऱ्याच जणांचं ‘ड’ कमी आलं. डॉक्टरांनी ६०,००० आययूच्या पुड्या आठवड्याला एक, आठ आठवडे लिहून दिल्या. दोघांनी रोज एक घेतली. अशी चूक होऊ नये म्हणून वेष्टनात काय करता येईल?
– औषध दुकानदार, कोल्हापूर

आठ कप्प्यांचं पुठ्ठ्याचं कार्ड करा आणि प्रत्येक कप्प्यावर तारीख लिहायला जागा ठेवा. आठही पुड्या एका पिशवीत हातात दिल्या की माणूस त्या रोजच्या गोळ्यांसारख्या घेतो. पुडी देतानाच दुकानात पेनने आठ रविवारच्या तारखा लिहा, त्याला अर्धं मिनिट लागतं. मागे मोठ्या अक्षरांत : ‘आठवड्यातून एकच. जेवणानंतर किंवा दुधातून.’ हे जीवनसत्त्व स्निग्धात विरघळतं, उपाशीपोटी काळ्या चहाबरोबर घेतलं तर कमी शोषलं जातं. आणखी एक ओळ ‘नववी पुडी डॉक्टरांना विचारून’. कोर्स संपल्यावर तीच चिठ्ठी दाखवून पुन्हा आठ नेणारे कमी नाहीत.

ज्या दोघांनी रोज घेतली त्यांनी पुड्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या थांबवून डॉक्टरांना सांगावं आणि रक्तातलं कॅल्शियम तपासावं. उलट्या, खूप तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता यांकडे लक्ष ठेवावं. मुतखडा होऊन गेलेल्यांनी तर विशेष.

तपासणीबद्दलही एक सांगायला हवं. रक्तात मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमखाली कमतरता ही रेघ २०११ पासून सगळीकडे वापरली जाते, पण ती ज्या अमेरिकी अंतःस्राव तज्ज्ञ संस्थेची, तिनेच २०२४ मध्ये त्या रेघांचा आग्रह सोडला आणि तक्रार नसलेल्या प्रौढांची सरसकट तपासणी करू नये असं सुचवलं. पूर्ण कंपनीची रक्ततपासणी करण्याचा खर्च गच्चीवरच्या बाकांना लावला तर जास्त फळेल.

मुलगा लंडनला बँकेत असतो. सावलीचा नियम तिकडे चालतो का?
– वाचक, दादर

चालतो, आणि तिकडची अडचणही तोच दाखवतो. लंडनमध्ये डिसेंबरात भर दुपारी सावली उंचीच्या साडेतीन पटींहून लांब असते. ती उंचीपेक्षा आखूड होते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, तीही दुपारीच. म्हणून तिथलं सरकार शरद आणि हिवाळ्यात सगळ्यांना रोज १० मायक्रोग्रॅम घ्यायला सांगतं आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेच्या लोकांनी वर्षभर घेण्याचा विचार करावा म्हणतं. तिकडच्या बाटलीवर मायक्रोग्रॅम असतात, आपल्याकडे आययू. १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० आययू, तेव्हा १० मायक्रोग्रॅम म्हणजे ४००. सुट्टीला आल्यावर तो इथून ६०,००० च्या पुड्या नेत असेल तर त्याला सांगा, एक पुडी त्या तिकडच्या गोळ्यांच्या १५० दिवसांइतकी आहे.